मुखडे भरपूर, चाल एकही नाही: एका हौशी पेटीवादक बाईंचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांच्याविषयी हे लिहितो आहे त्या बाई पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या, हिशेबाच्या नोकरीतल्या. ओळख पटू नये म्हणून त्यांच्या आयुष्यातले काही तपशील बदलले आहेत. गाण्याचे तपशील मात्र जसे घडले तसेच ठेवले आहेत, कारण हे प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

शाळेत असताना त्या पेटी शिकल्या होत्या. बोटं अजून बरी चालतात, सुराला पक्क्या आहेत, आवाजाचा पल्ला लहान आहे. एका हौशी गटाला त्या साथ करत आल्या. काही वर्षांपासून पेटीवर बसलं की स्वतःचं काहीतरी सुचायला लागलं. सुचलं की फोनवर रेकॉर्ड करायचं, तारीख टाकायची, ठेवून द्यायचं. असे तुकडे शेकड्यांनी साठले.

मी छोट्या गायक-गायिकांसाठी संगीत संयोजनाची कामं करतो. त्या आल्या त्या एक काम घेऊन: "यातल्या चार-पाच चाली पूर्ण करून द्या. मला सुचतं, पण पुढे जात नाही."

मागणी सरळ होती आणि मला काम मिळत होतं. पण त्यांच्या बोलण्यातलं 'पुढे जात नाही' हे मला नीट पटलं नाही. माणसाला मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, सुचतो आणि अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, कधीच सुचत नाही, असं वारंवार होत असेल तर त्याला सुचण्या-न-सुचण्यापलीकडचं काही कारण असणार.

अडचण नेमकी कुठे होती

त्यांना म्हटलं, आवडते तुकडे निवडून पाठवू नका. कुठल्याही एका महिन्यातले सगळे पाठवा. ते कागद-पेन्सिल घेऊन ऐकले आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहिल्या: पट्टी कोणती (म्हणजे पेटीवरच्या कुठल्या पट्टीला सा धरला), ठेका कोणता, पहिला स्वर कोणता, आणि कुठे थांबलं.

कागद भरल्यावर चित्र फार स्पष्ट झालं. पट्टी जवळजवळ सगळीकडे पांढरी एक. ठेका आठ मात्रांचा केरवा, अधूनमधून सहा मात्रांचा दादरा. सुरुवात सा-ग-प अशी चढून किंवा पंचमावर उभं राहून. आणि थांबण्याची जागा जवळपास ठरलेली: अंतऱ्याची पहिली ओळ तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत, जायची, तिथे घुटमळायची, आणि मग पुन्हा मुखडा सुरू. तो मुखडा दोन-तीनदा म्हणून रेकॉर्डिंग बंद.

पांढरी एक का? कारण शिकताना बोटं तिथेच बसली. सगळे शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, शोधावं लागत नाही. पण बाईंचा गळा काळी चारचा आहे, म्हणजे चार पट्ट्या खालचा. पांढरी एकमध्ये तार षड्जाच्या वर त्यांचा आवाज ताणला जातो, तार गंधार, म्हणजे वरचा ग, तर पोचतच नाही. त्यामुळे अंतरा वर जाऊन फुलायच्या ऐवजी षड्जाला डोकं आपटून परत यायचा. त्यांना वाटायचं कल्पना संपली. खरं तर गळा संपलेला असायचा.

हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या पट्टीत सुचवून घेत होते?" मी म्हटलं, निम्मं उत्तर तेवढंच आहे. उरलेलं निम्मं असं की सुचवत होती ती बोटं. शब्द नव्हते, अर्थ नव्हता, कुठे जायचंय हे ठरलेलं नव्हतं. बोटं ओळखीच्या वाटेने निघायची आणि ओळखीच्या जागी थांबायची. वाट संपेपर्यंत छान वाटायचं, म्हणून मुखडा व्हायचा.

समोरचे पर्याय

आम्ही चार रस्ते मांडले.

एक, मी मुखडे घ्यायचे आणि अंतरे, मधलं वाद्यसंगीत, सगळं बांधून द्यायचं. हे महिन्याभरात झालं असतं. पण ज्यांना 'माझी चाल' म्हणायचंय त्यांच्या हाती माझी चाल आली असती. माझ्याच कामावर पाणी सोडत मी हा पर्याय मागे ठेवायला सांगितला.

दुसरा, दोन-तीन वर्षं रागदारी रीतसर शिकायची आणि मग चालींकडे वळायचं. आदर्श वाटतो. मात्र ज्यांना नोकरीतून संध्याकाळचा तासभर मिळतो त्यांच्या बाबतीत 'आधी शिकेन, मग करेन' यातलं दुसरं वाक्य बहुधा येतच नाही, हे मी पुरेसं पाहिलंय.

तिसरा, संगणकावर किंवा टॅबवर गॅरेजबँड, रीपर असं गाणं रचून रेकॉर्ड करण्याचं काही साधन शिकायचं. त्यांच्या भाच्याने हाच आग्रह धरला होता. या साधनांशी माझं वैर नाही, रोजचं काम त्यांच्यावरच चालतं. पण नवा प्रकल्प उघडला की ती साधारण मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत, चार-चार मात्रांच्या चौकटीत उघडतात आणि चार किंवा आठ आवर्तनांचा (ठेक्याच्या फेऱ्यांचा) तुकडा गोल फिरवत ठेवणं त्यांत सगळ्यात सोपं असतं. बाईंची तक्रारच मुळात गोल फिरण्याची. दुखणं आणि औषध एकाच घरचं झालं असतं.

चौथा, एकच चाल घ्यायची, ती पुरी होईपर्यंत दुसरी रेकॉर्ड करायची नाही, आणि स्वतःवर काही बंधनं घालायची. बाईंनी हा घेतला. बंधनं दोघांनी मिळून ठरवली: पेटी बंद, फक्त फोनवरचा तानपुरा, काळी चारमध्ये, आधी शब्द, मग सूर, आणि स्वर पाचच. पाचच का, तर निवड कमी असली की प्रत्येक निवडीचं कारण द्यावं लागतं.

पेटी बंद करणं त्यांना सगळ्यात जड गेलं. "हात बांधल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. बंधनाचा हेतू तोच होता.

शब्द कोणाचे

इथे आमचं एकमत झालं नाही.

मी म्हणत होतो, हक्कमुक्त झालेली जुनी कविता घ्या. भारतात कवीच्या हयातीत छापलेल्या कवितांवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कविता केव्हाच खुल्या झाल्या. १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांच्या कवितांसाठी २०५९ संपेपर्यंत हक्कदारांची परवानगी लागणार. घरात गुणगुणायला कोणी अडवत नाही, पण चाल लावून ती लोकांपुढे मांडायची तर हा हिशेब आधी करावा. खुल्या कवितांत उत्तम माल आहे, मग स्वतः लिहिण्याचा दुसरा डोंगर कशाला चढायचा, असं माझं म्हणणं.

बाईंना भीती वेगळीच होती. चांगल्या जुन्या कवितांना चांगल्या चाली आधीच लागलेल्या आहेत आणि त्या कानात बसल्या आहेत. शब्द वाचायला घेतला की जुनी चालच बाहेर येते. मुद्दा खरा होता.

मधला मार्ग म्हणून आधी एक सराव करून घेतला. भुजंगप्रयात वृत्त, म्हणजे मनाच्या श्लोकांचं. 'लगागा' (लघु-गुरू-गुरू, म्हणजे एक आखूड आणि दोन लांब अक्षरं) हा गण एका ओळीत चारदा येतो. एका लगागाच्या मात्रा पाच, दोन लगागांच्या दहा, आणि झपतालही दहा मात्रांचाच. ओळ संथपणे, लघूला एक आणि गुरूला दोन मात्रा देऊन म्हटली की दोन आवर्तनांत तंतोतंत बसते. केरव्यात वाढलेल्या कानाला हे सुरुवातीला लंगडं वाटतं, पण एकदा बसलं की कळतं: ठेका शब्दांच्या आतच होता, आपण बाहेरून चढवत होतो. ही चाल करायचीच नव्हती, सवय मोडायची होती.

त्यानंतर बाईंनी स्वतःच लिहिलं. थोरल्या अभंगाचा साचा: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. त्यांच्या परवानगीने पहिली दोन कडवी देतो, पहिल्या खर्ड्यात होती तशी.

उंबऱ्यापाशीच
थांबली सावली
कुणा न घावली
सांजवेळी

दिव्याने पुसले
कुणाची तू बाई
सांगायला नाही
मला कोणी

कविता म्हणून फार मोठी नाही, आणि त्यांचा तसा दावाही नव्हता. चालीसाठी मात्र यात एक मोठी सोय आहे: शेवटचा चरण आखूड. आखूड चरण म्हणजे मोकळ्या मात्रा, आणि मोकळ्या मात्रांचं काय करायचं हा पुढे मोठा प्रश्न झाला.

सम कुठे पडणार

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हा होता, आणि तो एकही सूर न लावता घेतला गेला.

आठ मात्रांची टाळी धरून बाईंनी ओळी नुसत्या म्हणायच्या. पहिल्यांदा त्यांनी सरळ समेवरच, म्हणजे आठातल्या पहिल्या मात्रेवर, उचललं: 'उं' समेवर, पुढची अक्षरं एकेका मात्रेला. ऐकताना बातमी सांगितल्यासारखं वाटलं. मग उचल, म्हणजे ओळ सुरू करायची जागा, मागे नेली. सहाव्या मात्रेवर 'उं', सातव्यावर 'ब', आठव्यावर 'ऱ्या', आणि समेवर 'पा'. उंबऱ्या-'पा'शीच. सावली आत आली नाही, तिथेच अडली, हे त्या एका हलवण्याने कानाला कळायला लागलं.

मग बाकीचे चरण याच हिशेबात म्हणून पाहिले. 'थांबली सावली'मध्ये सम 'सा'वर, म्हणजे सावलीवरच. 'कुणा न घावली'मध्ये 'घा'वर. 'सांजवेळी'मध्ये शेवटच्या 'ळी'वर, आणि तिथून दुसरी ते पाचवी अशा चार मात्रा पूर्ण मोकळ्या. चारही समा दीर्घ अक्षरांवर. हे ठरवून लिहिलेलं नव्हतं. अभंगाच्या साच्यात ती शक्यता होती, शोधली म्हणून सापडली.

दुसरं कडवं मात्र अडलं. 'दिव्याने पुसले'मध्ये सम आली 'पु'वर. ऱ्हस्व अक्षर समेवर ताणलं की 'पूसले' ऐकू येतं आणि शब्द मोडतो. 'सांगायला'मध्ये सम पडली 'ला'वर; शब्दाचं शेपूट ठळक आणि डोकं झाकलेलं. इथे पर्याय दोनच: या कडव्यापुरती उचल बदलायची, नाहीतर शब्द बदलायचे. उचल बदलली असती तर अंतऱ्याहून मुखड्यावर येताना दर वेळी गाडी रूळ बदलल्यासारखी हलली असती.

शब्द बदलले. 'पुसले'चं 'टोकले' झालं. 'टो' दीर्घ, समेला भक्कम, आणि अर्थही वाढला: विचारणारा दिवा सौम्य होता, टोकणारा दिवा घराचा राखणदार झाला. 'सांगायला नाही'च्या जागी 'ओळख ना काही' आलं. सम 'ना'वर, नकारावरच. यमक टिकलं. शेवटी 'मला कोणी' काढून 'सांजवेळी' परत आणलं, त्यामुळे मुखड्याशी जोडही आयता मिळाला.

दुसऱ्या कोणाची कविता असती तर 'पुसले' खोडून 'टोकले' लिहिण्याचा अधिकार ना त्यांना होता ना मला. स्वतःचे शब्द घेण्यामागचा बाईंचा हेतू वेगळा होता, फायदा हा झाला.

पाच स्वर, पाच घरं

सूर लावायला घेतले तेव्हा त्यांनी पाच स्वर निवडले: सा रे ग प ध, म्हणजे षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत. म्हणजे भूप राग. मुखडा पटकन आला आणि पटकन नकोसाही झाला, कारण भूपात इतकी गाणी आहेत की नवी ओळ कुठल्या तरी जुन्या ओळीच्या सावलीत उभी राहतेच.

इथे 'सांजवेळी' शब्द आहे म्हणून मारवा किंवा पूरिया धनाश्री घ्यावा असंही त्यांच्या मनात आलं. कोमल (उतरवलेला) रिषभ, तीव्र (चढवलेला) मध्यम म्हणजे म, मावळतीचे राग. मला तो मोह बरा वाटला नाही. शब्दात संध्याकाळ आहे तर सुरात पुन्हा संध्याकाळच का? शिवाय तानपुऱ्यावर मारव्याचा रिषभ टिकवणं ही हौशी गळ्याची परीक्षा, आणि आम्हाला चाल पुरी करायची होती.

मग मूर्च्छनेचा खेळ केला. भूपाचे तेच पाच स्वर ठेवायचे आणि षड्ज हलवायचा. रिषभाला षड्ज मानलं की सारंगाच्या अंगाचे स्वर मिळतात: सा रे म प आणि कोमल नि. गंधाराला षड्ज मानलं की मालकंसाचे. पंचमाला मानलं की दुर्गा. धैवताला मानलं की धानी: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पट्ट्या त्याच, घर निराळं. बाईंनी आपला भूपातला मुखडा न बदलता, फक्त तानपुऱ्याचा षड्ज सरकवत, पाचही घरांत गाऊन पाहिला. मालकंसात तो अकारण गंभीर झाला, दुर्गामध्ये गोडगोड. धानीत 'पाशीच'वर कोमल निषाद आला आणि ओळ जिथे अडायला हवी तिथेच अडली. निवड झाली. मग धानी काळी चारवर आणून बसवली.

कागदावर हा खेळ अवघड दिसतो, पण फोनवरच्या तानपुऱ्याने तो एका बैठकीत होतो. चाल सुचत नाही असं म्हणणाऱ्या कोणालाही मी हा पहिला प्रयोग सांगेन, कारण यात काही सुचावं लागत नाही. ऐकून निवडावं लागतं.

अंतरा आता गळ्याच्या पल्ल्यात होता. 'टोकले' तार षड्जावर, 'कुणाची तू बाई'मध्ये समेवरचा 'तू' तार कोमल गंधारावर, आणि 'ओळख ना काही' तिथून उतरत मध्यमावर. पांढरी एकमध्ये जिथे वर्षानुवर्षं भिंत होती, तिथे काळी चारमध्ये दार निघालं. अंतरा जमायला दोन संध्याकाळी पुरल्या.

चार मोकळ्या मात्रा

'ळी' समेवर पडल्यावर पुढची उचल सहाव्या मात्रेवर. मधल्या चार मात्रांत काय?

बाईंचा हात तिथे पेटीची छोटी तान घालायला शिवशिवत होता. त्यांचे तबलजी मित्र, जुनी ओळख असल्याने अरे-तुरेतले, म्हणाले, "अगं, तिथे मला एक लग्गी मारू दे ना, लोक डोलतील." (लग्गी म्हणजे तबल्याचे चपळ बोल.) बाई म्हणाल्या, "लोक डोलायला नकोत रे, थांबायला हवेत." मग तिथे काहीच नको असं ठरलं. नुसता ठेका आणि तानपुरा, आणि 'ळी' हळूहळू विरू द्यायचा. तबलजींनी पहिल्या काही वेळा तरीही हात मारला. सवय दोन्ही बाजूंना होती.

रिकामी जागा भरायची घाई हा हौशी रचनेतला मला सगळ्यात जास्त दिसणारा रोग आहे. वाद्य हातात असतं म्हणून वाजतं. इथे शब्दच म्हणतायत की कोणीतरी दारात थांबलंय, मग चार मात्रा तरी थांबायला नको का?

साम्याची शंका

चाल उभी राहिल्यावर बाईंना रात्री आठवलं की पहिला तुकडा एका जुन्या भावगीतासारखा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना सगळंच टाकून द्यायचं होतं.

भीती अगदीच पोकळ नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाजलेल्या गाण्याबाबत असाच निर्णय दिला होता: चाल आधीच्या एका गाण्याची आहे, आणि नक्कल नकळत झाली असली तरी ती नक्कलच. पण कोमल गंधार-मध्यम-पंचम ही चढण म्हणजे धानी घेतला की येणारच. ती कोणाच्या मालकीची नसते.

दोन गोष्टी केल्या. भरपूर गाणी ऐकणाऱ्या तिघांना चाल शब्दांशिवाय गाऊन दाखवली. 'कशासारखी वाटते' असं विचारलं की माणूस काहीतरी शोधून देतोच, म्हणून फक्त 'ओळखीची आहे का' एवढंच विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्यांनी तेच भावगीत सांगितलं. मग दोन्ही चालींचं भातखंडे पद्धतीने स्वरलेखन करून, म्हणजे स्वर चिन्हांनी कागदावर लिहून, शेजारी शेजारी ठेवलं. पहिले चार स्वर सारखे, सम वेगळी, लय वेगळी. पण दुसऱ्या चरणाचा शेवटही दोन्हींकडे षड्जावरच येत होता. पहिले चार स्वर ठेवले, आणि 'सावली'चा शेवट षड्जावरून मध्यमावर नेला. साम्य तुटलं, शिवाय सावली खाली न टेकता अधांतरी राहिली, जे शब्दांना बरंच शोभलं.

पेटी परत आल्यावर

चाल पक्की झाल्यावर पेटी उघडली तर बाईंना स्वतःचाच आवाज बेसूर वाटू लागला. कारण साधं आहे. पेटीचे स्वर समान अंतरांवर जुळवलेले असतात. तिचा कोमल गंधार षड्जापासून ३०० सेंटवर (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तानपुऱ्याबरोबर गळा जिथे विसावतो तो कोमल गंधार ६:५ या प्रमाणाचा, साधारण ३१६ सेंटवर. कित्येक आठवडे तानपुऱ्याबरोबर गायल्यावर गळा १६ सेंट वर गेला होता आणि पेटी आपल्या जागी होती. मध्यम-पंचमात हा फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून ते घासत नाहीत.

गळा पेटीकडे वळवायचा की पेटी गप्प करायची? गप्प केली. पेटी फक्त षड्ज, मध्यम, पंचम धरते. गंधार गळ्याचा एकट्याचा. ज्यांची ओळखच 'पेटीवाल्या बाई' अशी आहे त्यांनी हा निर्णय स्वतः घेतला, मी फक्त सेंट मोजून दिले.

ध्वनिमुद्रणाविषयी फार सांगण्यासारखं नाही. तानपुरा कानातल्या इअरफोनमधून ऐकायचा म्हणजे तो माइकमध्ये सांडत नाही. गळा एकदा, तबला-पेटी नंतर.

परिणाम

चाल ओळखीच्या लोकांच्या एका बैठकीत गायली गेली. काहींना फार आवडली, काहींना संथ वाटली, एकांनी विचारलं मूळ गाणं कोणाचं. गटातल्या एका मुलीने ती उचलली आणि दादऱ्यात गाऊ लागली. बाईंना आधी राग आला, मग त्यांनी तिला सहा मात्रांत समा कुठे पडतात ते करून दाखवलं.

जुन्या शेकडो तुकड्यांपैकी काही त्यांनी काळी चारमध्ये उतरवून पाहिले. त्यातल्या दोन-तीन मुखड्यांना अंतरे फुटले. बाकीचे तसेच पडून आहेत, आणि त्याचं त्यांना आता दुःख नाही. माझं काम शेवटी स्वरलेखन, ध्वनिमुद्रणाचं एक मिश्रण आणि बरीच बडबड इतकंच उरलं.

वेगळं काय करता आलं असतं

गळ्याची पट्टी तपासणं हे पहिल्याच दिवशीचं काम होतं. कोणी ते वर्षांपूर्वी केलं असतं तर निम्मी अडचण आलीच नसती. तार गंधार आरामात लागतो का, मंद्र पंचम, म्हणजे खालचा प, ऐकू येतो का, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. पेटी शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्याला एकाच पट्टीत वर्षानुवर्षं ठेवू नये असं मला यावरून फार वाटतं.

स्वरलेखन उशिरा झालं. रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवल्याने मुखड्याचं एक चांगलं रूप हरवलं; दर वेळी गाताना चाल थोडी सरकत होती आणि कोणतं मूळ हे सांगता येईना. कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, शब्दातलं अक्षर लांबवायला अवग्रह (ऽ), एवढ्यावर वहीत एक पान भरलं असतं तरी पुरलं असतं.

तबलजींना आधी बोलवायला हवं होतं. समेचा निर्णय टाळीवर झाला, पण ठेक्याचं वजन टाळीत कळत नाही. ते आले तेव्हा लय थोडी वाढवावी लागली आणि 'ळी' विरायला मिळणारा वेळ आखडला.

आणि तिसरं कडवं. अभंग तीन कडव्यांचा करायचा ठरला होता, पण शब्द दोनच कडव्यांचे तयार असताना चाल पक्की केली. आता तिसऱ्याला चौथं अक्षर दीर्घ हवं, तेच शब्दाचं वजन उचलणारं हवं, यमक हवं, आणि शेवटी 'सांजवेळी' हवं. बाईंनी लिहिलेली सगळी रूपं साच्यात बसतात आणि गाताना लिहिलेली वाटतात. मी सुचवलं की तिसऱ्यासाठी उचल बदलू, ओळ समेवरच घेऊ, एकदाच तो धक्का बसू दे. त्यांनी ते गाऊन पाहिलं आणि नको म्हटलं. सध्या त्या दोनच कडवी गातात.